देऊळ आणि चहा एकाच दरीत: हांगचौमधला एक दिवस

शांघायहून वेगवान रेल्वेनं निघालं की तासाभरात हांगचौ येतं. शहराच्या पश्चिमेला शीहू नावाचं मोठं सरोवर आहे आणि सरोवराच्या पलीकडे, डोंगरांच्या बेचक्यात, लिंगयिन मंदिर. त्याच डोंगरांच्या उतारावर लोंगजिंग चहाचे मळे आहेत. पर्यटन कंपन्या ‘सकाळी मंदिर, दुपारी चहा’ असा कार्यक्रम विकतात तेव्हा दोन वेगळ्या गोष्टी सोयीसाठी एकत्र बांधल्यासारख्या वाटतात. प्रत्यक्षात त्या कधी वेगळ्या नव्हत्या. आठव्या शतकात लू यू यानं चहावर पहिला मोठा ग्रंथ लिहिला, त्यात या भागाच्या चहाचा पत्ता ‘थ्येनचू आणि लिंगयिन ही दोन मंदिरं’ असाच दिला आहे. इथला चहा मंदिरांच्या आवारात वाढला. रात्री ध्यानाला बसणाऱ्या भिक्षूंना झोप आवरायला तो लागायचा.

त्यातला ‘थ्येनचू’ हा शब्द आपल्या ओळखीचा असायला हवा. भारताचं हे जुनं चिनी नाव. लिंगयिनच्या शेजारच्या दरीत खालचं, मधलं आणि वरचं अशी तीन थ्येनचू मंदिरं आजही आहेत. लिंगयिनची स्थापनाही चौथ्या शतकाच्या पूर्वार्धात भारतातून आलेल्या एका भिक्षूनं केली, असं परंपरा सांगते. चिनी लोक त्याला ह्वेइली म्हणतात. समोरचा खडकाळ डोंगर पाहून तो म्हणाला, हे तर राजगीरच्या गृध्रकूटाचं शिखर, इथं कसं उडून आलं? तेव्हापासून त्या डोंगराचं नाव फेइलाइ फंग, म्हणजे उडत आलेलं शिखर. कथेला भूगर्भाचाही आधार आहे. आजूबाजूचे डोंगर वालुकाश्माचे आहेत आणि हा एकटा चुनखडीचा. चुनखडी पाण्यात विरघळते, म्हणून त्यात गुहा आणि वेडेवाकडे सुळके तयार झाले. शेजाऱ्यांपेक्षा तो वेगळा दिसतो तो त्यामुळेच.

आधी डोंगर, मग मंदिर

बहुतेक लोक सरळ मंदिराकडे धाव घेतात आणि फेइलाइ फंग परतीच्या वाटेवर उरकतात. उलट करावं. सकाळचा तिरपा उजेड कोरीव कामावर पडतो तेव्हा चेहऱ्यांची खोली दिसते, दुपारी सगळं सपाट होतं. दहाव्या ते चौदाव्या शतकांत कोरलेल्या तीनशेहून जास्त मूर्ती इथं आहेत. अजिंठा-वेरूळ पाहिलेल्या माणसाला पहिला फरक जाणवतो तो असा, की इथं डोंगर पोखरून दालनं काढलेली नाहीत. गुहा नैसर्गिक आहेत, शिल्पकारांनी फक्त त्यांच्या भिंती आणि बाहेरचे कडे वापरले. म्हणून मूर्ती विखुरलेल्या आहेत, कुठे उंच, कुठे वाटेला लागून.

तीन ठिकाणी थांबायचंच. छिंगलिन गुहेत इसवी सन 951 मध्ये कोरलेली अमिताभ बुद्धाची त्रिमूर्ती आहे, इथल्या सर्वांत जुन्या कामांपैकी एक. लुंगहोंग गुहेच्या तोंडाशी श्वेनचांगचं, म्हणजे आपण शाळेत वाचलेल्या ह्युएनत्संगचं, उठावशिल्प आहे. सातव्या शतकात, दुसरा पुलकेशी राज्य करत असताना, महाराष्ट्रात येऊन इथल्या माणसांचं वर्णन करणारा हाच प्रवासी. तिसरी जागा शोधावी लागत नाही, गर्दीच सांगते: दक्षिण सुंग घराण्याच्या काळातला (बारावं-तेरावं शतक) सुटलेल्या पोटाचा, हसरा मैत्रेय. आपल्याकडे दुकानाच्या गल्ल्यावर ‘लाफिंग बुद्धा’ म्हणून बसतो तो हाच. तो गौतम बुद्ध नाही. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला याच चच्यांग प्रांतात पुताय नावाचा एक फिरस्ता भिक्षू होऊन गेला, खांद्यावर कापडी पिशवी घेऊन हिंडणारा. लोकांनी त्याला भावी बुद्ध मैत्रेयाचा अवतार मानलं आणि त्याचंच रूप पुढे मैत्रेयाला मिळालं.

जरा वरच्या बाजूला काही मूर्ती एकदम निराळ्या दिसतील: बारीक कंबर, मुकुट, कधी अनेक हात. त्या युआन काळातल्या, 1282 ते 1292 या दशकातल्या आहेत. मंगोल राजवटीचा ओढा तिबेटी बौद्ध पंथाकडे होता, त्याची ही खूण. एकाच कड्यावर दोन परंपरा शेजारी दिसणं दुर्मीळ आहे, तेव्हा गाईडला या मूर्ती मुद्दाम दाखवायला सांगा. घाईच्या फेरीत त्या हमखास सुटतात.

चुनखडीची वाट दमट हवेत गुळगुळीत होते. चपला नकोत, पकड असलेले बूट हवेत.

मंदिराची मांडणी कशी वाचायची

चिनी देवस्थानांचे प्रकार नावावरून ओळखता येतात. नावाच्या शेवटी ‘स’ आला तर बौद्ध, ‘क्वान’ किंवा ‘कुंग’ आला तर बहुतेक ताओ पंथाचं, आणि ‘म्याओ’ आला तर कन्फ्यूशियस, एखादा वीर किंवा स्थानिक देव यांचं. लिंगयिन ‘स’ आहे, म्हणजे भिक्षूंचा मठ.

आपल्या देवळात सगळं गाभाऱ्याकडे ओढ घेतं: सभामंडप, अंतराळ, गाभारा, वर शिखर. चिनी मठात गाभारा नसतो. दक्षिणेकडून उत्तरेकडे एक सरळ अक्ष आखतात आणि त्यावर एकामागून एक दालनं आणि मधे चौक येतात. लिंगयिनमध्ये अशी पाच मुख्य दालनं चढत्या उतारावर आहेत. आपण एका दालनात शिरतो, मूर्तीला वळसा घालून मागच्या दारानं बाहेर पडतो आणि पुढच्या चौकात पोचतो.

पहिलं दालन चार दिक्पाल राजांचं. दाराशी समोर पुन्हा हसरा मैत्रेय, दोन्ही बाजूंना चार उग्र राजे. त्यांची नावं चिनी असली तरी मंडळी आपलीच: धृतराष्ट्र (महाभारतातला नव्हे), विरूढक, विरूपाक्ष आणि वैश्रवण, म्हणजेच कुबेर. हातांतल्या वस्तूंवरून ते ओळखायचे. तलवार, वीणेसारखं वाद्य, छत्री आणि साप. चिनी लोक या चार वस्तूंची सांगड ‘वारा योग्य, पाऊस वेळेवर’ अशा अर्थाच्या चार अक्षरांशी घालतात. छत्री म्हणजे पाऊस हे सहज कळतं. तलवारीचं पातं आणि वारा यांचा चिनी उच्चार सारखा, वाद्य सुरात लावायचं असतं म्हणून ‘सुयोग्य’ हे अक्षर. शेतकऱ्याची प्रार्थना अशी शस्त्रांमध्ये लपलेली आहे, आणि हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही.

मैत्रेयाच्या पाठीमागे, उत्तरेकडे तोंड करून, चिलखत घातलेला तरुण योद्धा उभा असतो. तो वेइथुओ, धर्माचा रक्षक. अभ्यासक त्याचं मूळ स्कंदाशी, म्हणजे कार्तिकेयाशी जोडतात. इथली त्याची मूर्ती दक्षिण सुंग काळातली, कापराच्या झाडाच्या एकाच खोडातून कोरलेली. पुढच्या भव्य दालनाच्या ओढीनं लोक या मूर्तीला पाठ करून निघून जातात, आणि खरी जुनी वस्तू तर हीच आहे.

कारण पुढचं महावीर दालन तुलनेनं नवं आहे. ‘महावीर’ ही इथं शाक्यमुनी बुद्धाची उपाधी, जैन तीर्थंकरांशी संबंध नाही. जुन्या दालनाची तुळई वाळवीनं पोखरली आणि 1949 मध्ये ते कोसळलं, 1950 च्या दशकात पुन्हा उभं राहिलं. उंची 33.6 मीटर. आतली शाक्यमुनींची मूर्ती 1956 मधली, कापराच्या लाकडाचे 24 तुकडे जोडून केलेली, आसनासह 24.8 मीटर उंच, वरून सोन्याचा मुलामा. लाकूड कापराचंच का, तर त्याच्या वासानं कीड दूर राहते. वाळवीनं जे केलं त्यानंतर ही निवड समजण्यासारखी आहे. दालनासमोरच्या चौकात दोन दगडी मनोरे आहेत, दहाव्या शतकातले, माणसांच्या गर्दीत हरवलेले. आपल्या स्तूपाचं चीनमध्ये जाऊन काय झालं ते तिथं दिसतं: घुमट लहान होत वर कळसात गेला आणि खाली मजले वाढत गेले.

मुख्य मूर्तीच्या मागे गेलात तर भिंतभर समुद्र आणि डोंगर उभे केलेले दिसतील, मधे क्वानयिन. हा आपला अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात तो कमळ घेतलेला राजपुत्र आहे, चीनमध्ये कालांतरानं त्याला स्त्रीरूप मिळालं. पुढचं दालन औषधींच्या बुद्धाचं, भैषज्यगुरूचं, त्याच्या दोन्ही बाजूंना सूर्यप्रभ आणि चंद्रप्रभ. त्यापुढे ग्रंथालयाचं दालन आणि सर्वांत वर अवतंसक सूत्र या महायान ग्रंथाचं. पाय थकले असतील तर ही शेवटची दोन भरभर पाहिली तरी चालतं.

पश्चिमेकडचं पाचशे अर्हतांचं, म्हणजे निर्वाणाला पोचलेल्या बुद्धशिष्यांचं, दालन मात्र चुकवू नये. त्याचा आराखडाच स्वस्तिकाच्या आकाराचा आहे, भुजा डावीकडे वळणाऱ्या बौद्ध स्वस्तिकाचा. आत 500 कांस्यमूर्ती, प्रत्येकाचा चेहरा आणि बैठक निराळी. लोक एक खेळ करतात: कोणत्याही अर्हतापासून सुरुवात करून आपल्या वयाइतके अर्हत मोजायचे, शेवटी जो येईल त्याच्या चेहऱ्यात आपलं भविष्य पाहायचं.

काय करावं, काय टाळावं

मंदिरात प्रत्येकाला उदबत्तीच्या तीन काड्या मिळतात, तेवढ्या पुरतात. बाहेर रस्त्यावर जाडजूड काड्यांचे जुडगे विकायला येणाऱ्यांकडून काही घेऊ नका. तीन काड्या बुद्ध, धर्म आणि संघ यांच्यासाठी. चौकातल्या दिव्यावर पेटवायच्या, ज्योत विझवायला तोंडानं फुंकायचं नाही, हातानं वारा घालायचा. आपण निरांजनाला फुंकर घालत नाही, तोच भाव. काड्या दोन्ही हातांनी कपाळाशी धरून वाकायचं, मग मोठ्या धूपपात्रात उभ्या खोचायच्या. गर्दीत पुढच्याच्या कपड्यांना ठिणगी लागते, म्हणून चालताना काड्या उभ्या आणि डोक्याच्या वर धराव्यात.

दाराचा उंबरठा गुडघ्याच्या खालपर्यंत उंच असतो. त्यावर पाय देत नाहीत, ओलांडून जातात. आपल्याकडेही उंबऱ्यावर पाय देत नाहीत, त्यामुळे हे शिकावं लागणार नाही. मधलं दार सोडून बाजूच्या दारानं जावं. दालनांच्या आत फोटो काढू नयेत, मूर्तीकडे बोट दाखवू नये. चपला काढायच्या नसतात, आपल्या माणसांचा इथं हमखास गोंधळ होतो.

चांद्र महिन्याची पहिली आणि पंधरावी तिथी, चिनी नववर्ष आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा टाळा, एरवीही दार उघडताच पोचलेलं बरं. डोंगराचा परिसर आणि मंदिर यांची प्रवेशाची व्यवस्था वेगवेगळी असते, नियम बदलतात, म्हणून आदल्या दिवशी ताजी माहिती घ्या आणि पासपोर्ट जवळ ठेवा. पैशांसाठी अलीपे किंवा वीचॅट आधीच कार्डाला जोडून ठेवा, छोट्या दुकानांत त्यावाचून अडतं.

दुपारी मंदिराच्या भोजनालयात शाकाहारी शेवया मिळतात. त्यात कांदा-लसूणही नसतो, चिनी बौद्ध भिक्षूंना तो वर्ज्य आहे, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्यालाही अडचण नाही. चहाच्या आधी हे जेवण घ्याच. कोरा हिरवा चहा रिकाम्या पोटी चार-पाच पेले गेला की मळमळतं, हात थरथरतात.

मळ्याकडे

लिंगयिनहून थ्येनचूच्या दरीतून वर चढून लांगतांगच्या डोंगरधारेवरून मेइजियावू किंवा लोंगजिंग गावाकडे उतरणारी जुनी पायवाट आहे. जेवणानंतर चालायची तयारी असेल तर सुंदरच, नाहीतर टॅक्सी.

आपला रोजचा चहा आणि लोंगजिंग एकाच झाडाच्या जातीपासून होतात. फरक पान खुडल्यानंतर काय होतं त्यात आहे. पानात एक विकर (एन्झाइम) असतं, ते हवेच्या संपर्कात पान तांबूस करतं, कापलेलं सफरचंद काळवंडतं तसं. आसामचा दाणेदार चहा करताना पान चिरडून हे मुद्दाम पूर्ण होऊ दिलं जातं. म्हणून तो उकळला की गडद रंग आणि कडकपणा देतो आणि दूध पेलतो. लोंगजिंगमध्ये पान अख्खं ठेवून, उष्णता देऊन ते विकर सुरुवातीलाच निकामी करतात.

तोडणीचा हंगाम तारखांनी बांधलेला आहे. छिंगमिंग हा चिनी पंचांगातला ऋतूचा एक दिवस, म्हणजे 4-5 एप्रिल. त्याआधीची तोडणी सर्वांत महाग. 20 एप्रिलच्या सुमाराला येणाऱ्या कूयू या तशाच पुढच्या दिवसापर्यंतची त्याखालोखाल. खुडायचं ते एक कळी आणि एक किंवा दोन कोवळी पानं, नखानं न चिमटता वर खेचून, कारण नखाची जखम लाल पडते. साधारण चार-पाच किलो ओल्या पानांचा एक किलो चहा होतो, आणि वरच्या दर्जाच्या अर्ध्या किलोत तीस हजारांहून जास्त कळ्या असतात. किमतीचं निम्मं उत्तर इथंच मिळतं.

खुडलेली पानं बांबूच्या सुपांवर पातळ पसरून सहा ते बारा तास ठेवतात, कच्चा गवती वास जावा म्हणून. मग कढई. ती विजेवर तापते, दोनशे अंशांच्या वर जाते, तिला वनस्पतीजन्य मेणाचा हात फिरवतात. एका वेळी शे-दोनशे ग्रॅम ओली पानंच टाकतात. पान पडताच तीळ तडतडल्यासारखा आवाज यायला हवा. तो आला नाही तर कढई थंड आहे: विकर मरत नाही आणि देठ लाल पडतात. आवाज फार झाला तर कडा करपतात, पेल्यात तो धुरकट कडवटपणा उतरतो. कारागीर उघड्या हातानं काम करतो, कारण पानातलं पाणी किती उरलंय हे तळव्यालाच कळतं. पकडणं, झटकणं, दाबणं, ढकलणं, घासणं अशा दहा हालचाली परंपरेनं मोजलेल्या आहेत. पाणी जास्त असताना उचलून झटकायचं, म्हणजे वाफ निघून जाते. वाफ कोंडली तर पान शिजल्यासारखं पिवळं पडतं. पाणी कमी झालं की कढईला दाबत सपाट करायचं. बारा-पंधरा मिनिटांनी पान बाहेर काढून तासभर विसावू देतात, जेणेकरून देठातलं पाणी पात्यात पसरतं. मग साठ-सत्तर अंशांवर दुसरी फेरी, वीस-पंचवीस मिनिटांची. शेवटी पानात पाच-सहा टक्केच ओल उरते. त्यानंतरही चहा लगेच पीत नाहीत. कळीच्या चुन्याच्या पिशव्यांसह बंद रांजणात तो आठ-पंधरा दिवस राहतो, तेव्हा कढईचा उग्रपणा उतरतो. ‘आत्ता भाजलेला’ म्हणून तिथल्या तिथे हातात दिलेला चहा सर्वोत्तम नसतो, तो याच कारणानं.

आणि दारात जो भाजताना दिसतो तोच पुडीत आहे, असंही गृहीत धरू नका. शीहू लोंगजिंग हे नाव फक्त सरोवराजवळच्या ठरावीक 168 चौरस किलोमीटरमधल्या चहालाच लावता येतं. शेजारच्या भागांतही लोंगजिंग पद्धतीचा चहा होतो, तो वाईट नसतो, पण किंमत वेगळी असते. खऱ्या पुडीवर क्रमांक आणि स्कॅन करायचा कोड असलेली चिकटपट्टी असते, ती तपासा. रंगही सांगतो: जुन्या देशी झाडांचा चहा हिरवागार नसून किंचित पिवळसर, हातसडीच्या तांदळासारखा असतो. ‘लोंगजिंग 43’ ही निवडलेली जात आठवडाभर आधी फुटते आणि दिसायला जास्त एकसारखी असते. चवीला जुनी झाडं मला उजवी वाटतात, पण दिसण्यावरून विकत घेणारे 43 कडेच वळतात.

पेल्यात

सरळ काचेचा पेला, तीन ग्रॅम चहा, दीडशे मिलिलिटर पाणी, 80 ते 85 अंश. थर्मामीटर नसेल तर उकळलेलं पाणी एका थंड भांड्यात ओता, मग दुसऱ्यात. प्रत्येक ओतण्याला आठ-दहा अंश उतरतात. पेल्यात आधी तृतीयांश पाणी, त्यावर पानं, अर्धा मिनिट हळू फिरवत ओली होऊ द्या. या वेळी नाक जवळ न्या, भाजलेल्या शेंगदाण्या-हरभऱ्याच्या जवळचा गोडसर वास येतो. मग उंचावरून धार सोडत पेला सात दशांश भरा, काठोकाठ भरणं चीनमध्ये असभ्य मानतात. दोन-अडीच मिनिटांनी प्या. एक तृतीयांश उरला की पुन्हा पाणी घाला, तळ कोरडा केला तर पुढचं पाणी फिकं येतं. तीन पाण्यांनंतर चव संपते.

कडू लागला तर कारण बहुधा उकळतं पाणी किंवा जास्त वेळ. गंमत अशी की व्यावसायिक परीक्षक मुद्दाम उकळतंच पाणी वापरतात: तीन ग्रॅम, दीडशे मिलिलिटर, झाकून चार मिनिटं. त्यांना चहाचे दोष उघडे पाडायचे असतात. महाग चहा घेण्याआधी तुम्हीही तसा एक पेला मागा. करपट, कोंदट किंवा शिळा चहा त्यात लपू शकत नाही. बसण्याआधी दर मात्र ठरवून घ्या.

कोणी तुमचा पेला भरला तर वाकवलेल्या दोन बोटांनी टेबलावर हलकं टकटक करायचं, हा आभार. छ्येनलुंग सम्राट वेश बदलून फिरताना त्यानं नोकराला चहा ओतला, आणि ओळख उघड न करता नोकरानं बोटांनी दंडवत घातला, अशी त्यामागची कथा सांगतात.

घरी आणलेल्या चहाचे तीन शत्रू: ओल, उजेड आणि वास. मसाल्याच्या डब्याच्या फळीवर ठेवला तर महिन्याभरात लोंगजिंगला गोडा मसाल्याचा वास येईल. पन्नास-पन्नास ग्रॅमच्या हवाबंद पुड्या करून, त्या पुन्हा डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पुडी उघडू नका, नाहीतर पावसाळी हवेतलं पाणी थंड पानांवर बसतं. बोअरवेलच्या जड पाण्यात हा चहा मंद होतो आणि वर तवंग येतो, म्हणून कमी क्षारांचं गाळलेलं पाणी वापरा. वर्षाच्या आत संपवा.